सगळे टेक्सासला चाललेत, तुम्ही उलटे कसे?

डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर शिकागोतल्या देशी बाजारात कोथिंबीर निवडताना, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, पुण्याच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणताना, आणि एकदा तर तोंडात कापूस कोंबलेला असताना दातांच्या डॉक्टरांकडून. गेली सात वर्षं हा एकच प्रश्न. "ह्यूस्टन सोडून परत शिकागोला? सगळे तर टेक्सासला चाललेत!" मी "थंडीची आठवण येत होती" म्हणून वेळ मारून नेतो. समोरचा हसतो, विषय संपतो, आणि जे बोलायला हवं होतं ते मला रात्री सुचतं. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

राज्याचा इन्कम टॅक्स नाही, घरं ऐसपैस, नोकऱ्या आहेत, बर्फ उपसावा लागत नाही, हे मला ऐकवू नका. हे तुम्हाला मीच सांगितलेलं आहे. 2011 च्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात 'तिसरा नंबर' नावाचा माझा लेख होता. आदल्या वर्षीच्या जनगणनेचे आकडे नुकतेच हाती आले होते. 1950 साली 36 लाख 20 हजारांचं शिकागो 26 लाख 95 हजारांवर उतरलं होतं, आणि 1950 साली सहा लाखही नसलेलं ह्यूस्टन 21 लाखांच्या उंबरठ्यावर उभं होतं. शेवटच्या दहा वर्षांत शिकागोने दोन लाख माणसं गमावली, ह्यूस्टनने जवळजवळ दीड लाख कमावली. मी शाळेतलं त्रैराशिक मांडलं आणि जाहीर केलं की 2027 च्या सुमाराला ह्यूस्टन शिकागोला मागे टाकून देशातलं तिसरं शहर होणार. लेखाच्या शेवटी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'बुडत्या जहाजावर झेंडा फडकवत बसण्यात शहाणपणा नाही.' बुडण्याबद्दलचं हे वाक्य बायको मला वर्षातून एकदा वाचून दाखवते.

2014 च्या जुलैत आम्ही चौघं गेलो. पुढच्या वर्षी ह्यूस्टन दहाएक वर्षांत शिकागोला गाठणार अशा बातम्या आल्या, तेव्हा त्यातल्या एकीचं कात्रण मी फ्रिजवर लावलं होतं. म्हणजे वेडा मी एकटाच नव्हतो.

खरं तर आम्ही ह्यूस्टनमध्ये राहायला गेलोच नव्हतो. आमचं घर पश्चिमेला केटीच्या बाजूला, शहराच्या हद्दीबाहेर. ते कुठल्याच नगरपालिकेत नव्हतं. पाणी आणि ड्रेनेज सांभाळायला म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, ज्याला तिथे सगळे 'मड' म्हणतात. तेव्हा शिकागो चार माणसांनी घटलं आणि ह्यूस्टन शून्याने वाढलं. शिवाय 2010 च्या जनगणनेत आम्ही शिकागोत होतो आणि 2020 च्याही, त्यामुळे सरकारदरबारी आम्ही कधी कुठे गेलोच नाही.

शहरांच्या या शर्यतीत हद्दीची भानगड पहिल्यापासून आहे. शिकागोने 1889 साली आजूबाजूची गावं एका झटक्यात पोटात घेतली आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाला ढकलून दुसरा नंबर पटकावला. आता हे न्यूयॉर्कलाही गिळणार या धास्तीचा 1898 साली ब्रुकलिन न्यूयॉर्कला जोडलं जाण्यात मोठा हात होता. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने विवेकानंद 1893 साली शिकागोत बोलले, ते प्रदर्शनही शिकागोने न्यूयॉर्कच्या हातून हिसकावून आणलं होतं. ह्यूस्टनने विसाव्या शतकात तोच डाव खेळला, 1996 साली किंगवुड नावाच्या वसाहतीतल्या रहिवाशांचा विरोध मोडून ती आत घेतली. आज ह्यूस्टन 640 चौरस मैल पसरलंय, शिकागो 230 च्या आसपास. एवढा पसारा घालूनही गडी मागेच. (पाहा, मी पुन्हा शिकागोच्या बाजूने मोजायला लागलो.)

आता 2017 कडे येतो. तुम्हाला ऐकायचंय तेच असेल.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला, शुक्रवारी होती. त्याच रात्री हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर चढलं. आमचा गणपती पाच दिवसांचा. सांगलीहून आई आली होती, मोदक तिनेच केले. शनिवारपासून जो पाऊस लागला तो चार दिवसांत तीस इंचांच्या वर गेला. सांगलीत वर्षाला एवढा पडत नाही. शहरात हायवेवर ट्रक तरंगत होते. आमच्या गल्लीत पाणी कर्बपर्यंत यायचं आणि उतरायचं. मी फोनवर सगळ्यांना सांगत होतो की आम्ही उंचावर आहोत, आमच्याकडे पुराचा विमासुद्धा सक्तीचा नाही. सक्तीचा नाही म्हणून आम्ही घेतलाही नव्हता.

मंगळवारी पाचवा दिवस. दुपारनंतर पाऊस ओसरला. मी चहा टाकला. खिडकीशी बसलेली आई म्हणाली, "पाऊस थांबला म्हणून खूश होऊ नकोस. पाणी मागनं येतंय बघ." मी चिडलो. म्हटलं, "आई, ही सांगली नाही." तिने शांतपणे विचारलं, "मग इथली पातळी कुठं बघायची?"

सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आमचं अख्खं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट मोजत असतं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टी धरणाचं मागे तुंबत येणारं पाणी, म्हणजे फुगवटा, कुठवर आला, हे भाजीवालीलाही ठाऊक असतं. 2005 साली आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता. त्या गावातला मी, इथे तीन वर्षं रोज सायकल चालवत होतो एका लांबलचक मातीच्या बांधावरून. तो बांध म्हणजे 1940 च्या दशकात बांधलेलं बार्कर धरण आहे हे मला माहीतच नव्हतं. कारण त्यात पाणी नसायचंच. आत जंगल, बाग, फुटबॉलची मैदानं. कोरडं धरण. मोठा पाऊस झाला की पाणी अडवायचं आणि शहर वाचवायचं, एवढंच त्याचं काम. धरण काठोकाठ भरलं तर जेवढी जमीन पाण्याखाली जाईल, तेवढी सगळी सरकारने कधी विकत घेतलीच नव्हती. उरलेल्या जमिनीवर कॉलन्या उभ्या राहिल्या. आम्ही उंचावर नव्हतो, धरणाच्या पोटात होतो.

संध्याकाळी सातला स्टॉर्म ड्रेनमधून पाणी उलटं यायला लागलं. ना लाट, ना आवाज. गॅरेज, मग जिने, मग हॉलमधल्या कार्पेटचा रंग कोपऱ्यापासून गडद होत गेला. आम्ही गणपती उचलून वर नेला. आई म्हणाली, आज पाचवा दिवस आहे, विसर्जन व्हायला पाहिजे. बाहेर नजर जाईल तिथे पाणी, आणि त्यात ड्रेनेज मिसळलेलं. शेवटी वरच्या बाथरूममध्ये नळाचं पाणी बादलीत भरलं आणि टॉर्चच्या उजेडात आरती केली. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायच्या वेळी बारा वर्षांची मुलगी रडायला लागली आणि ते वाक्य कुणीच पुरं केलं नाही. आईने तेवढ्यात मला हळूच म्हटलं, "हा फुगवटाच म्हणायचा." त्यात टोमणा नव्हता. तिला आपलं ओळखीचं काहीतरी सापडलं होतं.

बुधवारी लख्ख ऊन पडलं, आणि घरात पाणी मांडीपर्यंत आलं. मासेमारीच्या होडीतून आलेल्या दोन अनोळखी माणसांनी आम्हाला बाहेर काढलं. ते लुइझियानाहून स्वतःच्या पैशाने पेट्रोल घालून आले होते. टेक्सासला नावं ठेवायला मला तुम्ही बोलावता ना, त्याआधी हे लिहून घ्या. आणि हेही, की आम्ही बारा दिवस एका पाकिस्तानी कुटुंबाच्या घरी राहिलो, ज्यांच्याशी तोवर फक्त हात हलवण्यापुरती ओळख होती.

परतलो तेव्हा खाली भिंतींना काळी बुरशी चढली होती, वर बादलीत शाडू तळाशी बसून पाणी नितळ झालं होतं. पुढे एका शेजाऱ्याने कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दफ्तरातून काढलेला आमच्या कॉलनीचा मूळ नकाशा दाखवला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा भाग धरणाच्या पाण्याखाली जाऊ शकतो. घर दाखवणाऱ्या एजंटने ते सांगितलं नव्हतं. पण मीही विचारलं नव्हतं. दोन शहरांची जनगणना शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ असलेल्या माणसाने स्वतःच्या घराचा नकाशा पाहिला नव्हता.

म्हणून परत आलो, असं तुम्ही ठरवाल. तसं नाही. आम्ही भिंती उघडल्या, शीटरॉकचे तक्ते बदलले आणि आणखी नऊ महिने तिथेच राहिलो. शिकागोत माणसं मरत नाहीत असंही नाही. 1995 च्या उन्हाळ्यात या शहरात उष्म्याने सातशेहून जास्त माणसं गेली. आम्ही परतल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात, 30 जानेवारी 2019 ला, पारा उणे तीस सेल्सिअसवर होता.

परत येण्याचं कारण बायको होतं, आणि मी ते सांगत नाही कारण ते सांगताना मी लहान ठरतो. तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. शिकागोत ती पायी डेव्हनला जायची, बसने कामाला जायची, वाटेत चार माणसांशी बोलायची. केटीत ती तीन वर्षं माझ्या वेळापत्रकावर जगली. मी त्याला 'सवय होईल' म्हणत होतो. पुरात दोन्ही गाड्या गेल्या तेव्हा मी महिनाभर भाड्याच्या गाडीसाठी फोनाफोनी करत कुरकुरत होतो. ती म्हणाली, "हे तुला महिनाभर झालंय." पुढे काही बोलली नाही. जूनमध्ये आम्ही तिघं शिकागोला आलो. मुलगा कॉलेजसाठी टेक्सासातच, ऑस्टिनला राहिला.

2011 चा मी अजून भांडतो. म्हणतो, बायकोला गाडी शिकवायची सोडून शहर बदललंस? त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आकडे दाखवतो. 2020 ला शिकागो घटलं नाही, पन्नास हजारांनी वाढलं. तो म्हणतो, ह्यूस्टन दोन लाखांनी वाढलं. मी म्हणतो, या वेगाने गाठायला अजून अठ्ठावीस वर्षं. तो 2024 चा अंदाज पुढे करतो: शिकागो 27 लाख 21 हजार, ह्यूस्टन 23 लाख 90 हजार, म्हणजे बारा वर्षं. कुठला तुकडा कापून त्रैराशिक मांडाल तसं उत्तर येतं. शिकागो त्या अंदाजाआधीच्या वर्षभरात बावीस हजारांनी वाढलं म्हणून मी खूश झालो होतो. मग लक्षात आलं, 2022 पासून टेक्सासच्या गव्हर्नरने स्थलांतरितांच्या बस भरभरून इकडे पाठवल्या होत्या. इकडच्या वाढीत तिकडून आलेले लोकही असणार. आणि याच शहरातून काळी कुटुंबं दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसांनी कमी झाली, हे माझ्या खुशीत बसत नाही म्हणून मी ते वगळत आलोय.

अजून एक कबूल करतो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासची वीज गेली, लोक बर्फ वितळवून पाणी वापरत होते, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, 'बघा, सांगत होतो.' मुलगा तिथे आहे हे दुसऱ्यांदा आलं.

मुलगा आता फुलशिअरला घर घेतोय, केटीच्याही पलीकडे. वीस हजारांवरच्या गावांत 2024 पर्यंतच्या वर्षात टक्केवारीने देशात दुसऱ्या नंबरने वाढलेलं गाव. मी म्हटलं, कौंटीतून मूळ नकाशा काढ आणि मला पाठव. "हो बाबा," म्हणाला. त्याला तीन आठवडे झाले. काल त्याने स्वयंपाकघराचे फोटो पाठवलेत.