मान आखडलेल्या काकू

मी ऑस्टिओपॅथ, म्हणजे स्नायू-सांध्यांवर हातांनी उपचार करणारी. आज लंडनच्या क्लिनिकमध्ये एक मराठी काकू आल्या, मान पार आखडलेली. तरी टेबलवर आडवं होताच चौकशी सुरू, "किती वर्षं शिकलीस गं हे?"
चार, पूर्णवेळ. त्यात हजारेक तास प्रत्यक्ष पेशंट तपासण्यात. शिवाय जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं इथे गुन्हा. कायदाच आहे, १९९३चा.
त्यांना मान कडकन मोडून हवी होती. मी आधी हाताला मुंग्या येतात का विचारलं, खांदे-बरगड्या चाचपल्या, मग हलकेच स्नायू सैल केले. कडकन काही वाजेना, तशा जरा हिरमुसल्याच!
भाचीला हाच कोर्स करायचाय म्हणे. म्हटलं, ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, बायॉलॉजी घ्यायला सांगा. फीचं नंतर बोलू.