पाय दुखतो, तर चालता कशाला?

"पाय दुखतो ना, मग चालता कशाला? आणि हे असले बोजड बूट?" भेटेल तो हेच विचारतो. तुटक उत्तरं देऊन दमले. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

तुमचाच सल्ला मी आधी स्वतःला दिला होता. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात निघाला आणि मी दीड महिना पाय वर घेऊन बसले. ठणका उतरला. मग कामावर रुजू झाले, तेही जुन्या, पुढे निमुळत्या, पातळ तळाच्या बुटांत. संध्याकाळी जिना उतरताना मागच्या पायाचा अंगठा वाकेचना. पोटरीत जोर उरला नव्हता. कठडा धरून तिसऱ्याच पायरीवर बसले. माणसं बाजूने उतरत होती. बूट काढला तर सांध्याच्या उंचवट्यावर शिवणीचा लाल वळ, एकेक टाका मोजता येईल असा. एकीने हात पुढे केला. "काही नाही, लेस सुटली," मी म्हटलं. बुटाला लेस नव्हतीच. तिचा हात धरला असता तर काय बिघडलं असतं?

फिजिओथेरपिस्टनं पायाआधी बूट हातात घेतला. तो मधोमध दुमडला गेला. चालताना दर पावलाला अंगठा वर वाकतो. तळ कडक असेल, पुढे किंचित उचललेला असेल, तर सांध्याला तेवढं वाकावं लागत नाही. म्हणून हे बोजड बूट, चवड्याशी रुंद. विकत घेते तेही संध्याकाळी, पाय सुजलेले असताना.

आणि चालते, कारण कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, रक्तपुरवठा नसतो. सांधा हलला तरच त्यातलं वंगण तिला पोसतं. रोज भिंतीला हात टेकून पोटरी ताणते, पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करते. नंतर 2 तासांहून जास्त ठणकलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करते.

बरं वाटतं का? चालवतं, एवढं नक्की. झिजलेली कूर्चा परत येत नाही, सकाळची पहिली पावलं अजून जड जातात. आणि सांधा सुजला की एक-दोन दिवस मीही पाय वर घेऊन बसते. म्हणजे तेव्हाची मी सगळीच चुकले नव्हते. त्या दीड महिन्यातला नेमका कितवा दिवस जास्तीचा होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.