एलियाहूच्या डोंगरावर

रात्री दीडला इजिप्तमधल्या सेंट कॅथरीन मठाजवळून निघालो, मी, धाकटा भाऊ आणि एक बदू वाटाड्या, वाटाड्याशिवाय वर सोडतच नाहीत. डिसेंबरचा महिना, स्वेटर जॅकेट त्यावर आजीची शाल तरी दात वाजत होते. जेबेल मूसा म्हणजे मोशेचा डोंगर, उंची २२८५ मीटर. आदल्या सकाळी मठात ते झुडूप पाहिलं होतं, ज्यातून देव मोशेशी बोलला, जळूनही न संपणारं म्हणतात ते. मठ सहाव्या शतकातला, जस्टिनियन बादशहाने बांधलेला. मोशेला देवाने दहा आज्ञा दिल्या तो सीनाय डोंगर हाच का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण माणसं दीड हजार वर्षांहून जास्त काळ इथे चढतायत.

सगळे येतात मोशेसाठी, दहा आज्ञांसाठी. मी आले होते एलियाहू संदेष्ट्यासाठी.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागकडचे. घरात काही चांगलं झालं की मलिदा करायचा, पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नवीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं, नवस फेडायचा असला तरी तेच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, एलियाहू हन्नवीचा टापा म्हणतात त्या जागेला, आजी मला हाताला धरून न्यायची. तिचा एलियाहू रथातून स्वर्गात गेलेला.

पण होरेबला, म्हणजे सीनायलाच, आला तो एलियाहू वेगळाच हो. अहाब राजाची बायको ईजबेल जिवावर उठलेली, हा पळत बेर-शेबाला आला, चाकराला तिथेच ठेवलं, एकटा रानात गेला आणि झुडपाखाली बसून म्हणाला, देवा आता पुरे, माझा जीव घे. दूताने उठवून काय दिलं तर निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, त्यावर चाळीस दिवस चाळीस रात्री चालून तो या डोंगराला पोचला. आई गेल्यानंतरच्या वर्षात मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेन. देव त्याला रागावत नाही, आधी जेवायला घालतो.

उंटांची वाट संपली की शेवटच्या साडेसातशे पायऱ्या, दगडी, उंचसखल, तिथे माझे गुडघे बोलायला लागले, दर पन्नास पायऱ्यांनी थांबत होते. वर एक छोटं चर्च, १९३४ सालचं, आणि बाजूला छोटी मशीद. उजाडलं तसे डोंगर आधी जांभळे मग तांबूस झाले, शेजारचा ख्रिस्ती ग्रुप हळू आवाजात गात होता. त्यांच्याही शुभवर्तमानात मोशे आणि एलिया, म्हणजे आमचा एलियाहू, हे दोघेच येशूशी बोलायला डोंगरावर येतात.

उतरताना पायऱ्यांच्या पायथ्याशी एलियाहूची जागा लागते, एक जुना सरू आणि त्याच्या नावाचं छोटं चर्च. गोष्टीत पुढे डोंगरावर वाऱ्यात देव नव्हता, भूकंपात नव्हता, आगीत नव्हता, मग एक मंद आवाज आला आणि त्याने अंगरख्याने तोंड झाकलं. तू इथे काय करतोस, असं देव त्याला दोनदा विचारतो. मी त्या सरूखाली बसून हेच स्वतःला विचारलं आणि खूप रडले, भाऊ काही न बोलता शेजारी बसला.

मग डबा उघडला, गूळ-खोबऱ्याचे पोहे घरूनच आणले होते. वाटाड्याला दिले, कोणासाठी ते सांगितलं. तो म्हणाला, इल्यास, आमच्या कुराणातही आहे, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.