सीटीएस-व्ही प्रकल्प: इंटरकूलरचं कूलंट भरल्यावर पातळ का पडतं

गाडी तीच: दुसऱ्या पिढीची कॅडिलॅक सीटीएस-व्ही, ६.२ लिटरचं एलएसए व्ही८ इंजिन, वर ईटनचा टीव्हीएस सुपरचार्जर (फेरीला १.९ लिटर), कंपनीचा आकडा ५५६ अश्वशक्ती. मुक्काम मिशिगन. मागच्या नोंदीपर्यंत पुढचा हीट एक्स्चेंजर बदलून, सर्किट डिस्टिल्ड वॉटरने धुऊन झालं होतं. त्यानंतर तयार ५०-५० कूलंट (अर्धं निव्वळ कूलंट म्हणजे ग्लायकॉल, अर्धं पाणी) भरलं, पंप चालवला, नमुना काढला, तर रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मिश्रण मोजणारं उपकरण) गोठणबिंदू दाखवतोय उणे १६ अंश सेल्सिअस. कॅनवर छापलंय उणे ३७.

कॅन खोटा नाही. इंटरकूलर म्हणजे सुपरचार्जरने दाबून तापवलेली हवा थंड करणारा भाग, आणि या गाडीत त्याचं सर्किट इंजिनच्या कूलंटपासून पूर्ण वेगळं आहे: स्वतःचा विजेवरचा पंप, पुढे स्वतःचा रेडिएटर (तोच हीट एक्स्चेंजर) आणि सुपरचार्जरच्या झाकणात बसवलेल्या इंटरकूलरच्या विटा, म्हणजे ज्यांच्या बारीक वाटांतून कूलंट फिरतं ते ठोकळे. खालचा होज काढला की रेडिएटर आणि पाइप रिकामे होतात, पण विटांमधलं पाणी जागचं हलत नाही. धुतल्यानंतर हे उरलेलं पाणी म्हणजे निव्वळ पाणीच. त्यावर ५०-५० ओतलं की ते पातळ होणारच.

रिफ्रॅक्टोमीटरचा आकडाच इथे सर्किटची क्षमता सांगून जातो. गोठणबिंदू उणे १६ म्हणजे मिश्रणात ग्लायकॉल अंदाजे ३१ टक्के. आत मावलं २.५ लिटर तयार कूलंट, म्हणजे निव्वळ १.२५ लिटर. १.२५ ला ०.३१ ने भागलं की येतात ४ लिटर. म्हणजे होज, विटा, टाकी धरून सर्किट ४ लिटरचं आणि दीड लिटर पाणी आत अडकलेलं होतं. हा आकडा याच गाडीचा, बदललेल्या एक्स्चेंजरसकट. दुसऱ्याने तो उचलू नये, आपला आपण काढावा. अट एकच: धुताना शेवटचं पाणी स्वच्छ निघालेलं हवं, नाहीतर आतलं जुनं कूलंट हिशेब बिघडवतं.

दुरुस्तीसाठी सगळं परत रिकामं करायची गरज नाही. ३१ वरून ५० टक्क्यांवर न्यायला १.१ लिटर मिश्रण काढायचं आणि तेवढंच निव्वळ कूलंट (तयार मिश्रण नव्हे) घालायचं. ४० टक्के पुरत असतील तर अर्धाच लिटर. यापुढे धुतल्यावर सुरुवातच निव्वळ कूलंटने करायची: ४ लिटरच्या सर्किटला ५० टक्क्यांसाठी आधी २ लिटर निव्वळ, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने.

मोजण्याबद्दल दोन गोष्टी. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबाने शून्यावर आणा आणि एथिलीन ग्लायकॉलचीच पट्टी वाचा, शेजारची प्रॉपिलीनची नव्हे. नमुना पंप निदान पंधरा-वीस मिनिटं फिरल्यावर, एकदा टाकीतून आणि एकदा खालच्या होजमधून घ्या. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मिश्रण अजून एकजीव झालेलं नाही, किंवा कुठेतरी प्रवाहच नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट. तरंगत्या गोळ्यांची स्वस्त नळी या कामाला नको.

किती टक्के ठेवायचे यावर वाद कधी संपत नाही. २० अंशाला पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, तर ५०-५० मिश्रणाची सुमारे ३.३. घनतेतला फरक धरूनही लिटरमागे उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण १५ टक्क्यांनी घटते आणि चिकटपणा चौपट होतो. छोट्या पंपाला हा चिकटपणाच जास्त जड जातो. या सर्किटचं तापमान इंजिनसारखं शंभरीपार जात नाही, म्हणजे उकळू नये म्हणून ग्लायकॉल हवं हे कारण इथे लागू नाही. हवं ते गोठू नये म्हणून आणि गंजरोधकासाठी. कंपनीचं म्हणणं ५०-५० आणि मिशिगनमध्ये तेच बरोबर. टेक्सासमधल्या मंडळींनी ३५-४० वर आणलं तर हरकत नाही. एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नये: गंजरोधक अपुरा पडतो आणि फारच पातळ ग्लायकॉलमध्ये जंतूही वाढतात. उलट टोकही वाईट. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, म्हणून ‘जास्त घातलं तर जास्त सुरक्षित’ हा हिशेब चुकीचा.

ड्रॅग स्ट्रिपवर बरेच ट्रॅक ग्लायकॉल चालवूच देत नाहीत, कारण सांडलं तर डांबर निसरडं होतं. म्हणून उन्हाळ्यात साधं पाणी आणि वेटिंग एजंट (पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं द्रव्य) घालणारे बरेच आहेत. हरकत नाही, पण बर्फ पडायच्या आत ते बदलायला विसरलात तर वीट फुटते आणि ते पाणी सरळ इनटेकमध्ये उतरतं. टाकीत बर्फ टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बर्फ वितळला की टक्केवारी पुन्हा घसरते.

आता रंग. या गाडीत मूळचं डेक्सकूल (कंपनीचं कूलंट), नारिंगी, सेंद्रिय आम्लांवर चालणारं. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी जुन्या पद्धतीचं हिरवं त्यात वाढवलं होतं. धुताना पहिल्या बरणीत जे निघालं ते चहाच्या रंगाचं, आणि तळाशी जेलीसारखा राखाडी साका. दोन जातींचे गंजरोधक एकत्र आले की सिलिकेट विरघळलेलं राहत नाही, जेल होऊन बसतं, आणि विटांच्या बारीक वाटांत सर्वात आधी अडकतं. नळाच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्यात भर घालतं. नवा अॅल्युमिनियम एक्स्चेंजर बसवणाऱ्यांनी तो आधी वेगळा धुवावा, आत ब्रेझिंगचा फ्लक्स (सांधे जोडताना लावलेलं रसायन) राहिलेला असतो. आम्ल किंवा कास्टिकची फ्लश औषधं या सर्किटला नकोत, अॅल्युमिनियम खातात.

नमुना दुधाळ दिसला तर घाबरून हेडगॅस्केट उघडू नका, इंजिन ऑइलचा या सर्किटशी संबंधच नाही. पारदर्शक बाटलीत भरून ठेवा. काही मिनिटांत खालून वर निवळत गेलं तर ती हवा. दिवसभराने तळाशी बसलं तर साका.

हवेचा प्रश्न मिश्रणाच्या वेषात येतो. पंप सेंट्रिफ्यूगल आहे, हवेचा बुडबुडा त्याला ढकलता येत नाही, आणि विटा सर्किटमध्ये सर्वात उंच. लक्षण असं: इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान (आयएटी २) जोर लावल्यावर चढतं आणि सावकाश चालवतानाही उतरत नाही. पंपाचा आवाज खरखरीत येतो, टाकीत परतीचा प्रवाह दिसत नाही. सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे व्हॅक्यूम फिलर: आधी सर्किटमधली हवा ओढून घ्यायची, सुई स्थिर राहते का पाहायचं (राहिली नाही तर गळती आहे), मग त्याच व्हॅक्यूमने कूलंट आत घ्यायचं. तो नसेल तर गाडीचं नाक वर चढवून, पंपाला स्कॅन टूलने चालू-बंद करत, पातळी भरत राहायचं. पंप कोरडा फिरू देऊ नका.

हवा पूर्ण काढल्यावरही प्रत्येक जोरदार धावेनंतर बुडबुडे परत येत असतील तर वीट किंवा तिची सील गळतेय. बूस्टमध्ये (सुपरचार्जर दाब देत असताना) हवा कूलंटमध्ये घुसते, आयडलला उलट कूलंट इनटेकमध्ये ओढलं जातं. बाहेर एक थेंब नाही आणि पातळी मात्र घटतेय, हा त्याचाच पुरावा. टोपीवर छापलेल्या दाबापेक्षा जास्त न देता रात्रभर प्रेशर टेस्ट लावा.

आजची स्थिती: १.१ लिटरची अदलाबदल झाली, टाकी आणि खालचा होज दोन्हीकडे उणे ३६, बाटलीत साका नाही. व्हॅक्यूमची सुई हलली नाही. काढलेलं ग्लायकॉल गोडसर आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणं असतं, ते झाकणबंद कॅनमध्ये भरून रिसायकलिंगला गेलं. राहिलेलं काम म्हणजे पंपाचा प्रत्यक्ष प्रवाह मोजणं: परतीचा होज बादलीत सोडून, टाकी भरत राहून, मिनिटाला किती लिटर येतं ते. नवा एक्स्चेंजर आणि जाडसर ५०-५० या दोघांपुढे जुना पंप पुरतो की नाही, ते त्यावर ठरेल.