तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकन कॅलिफोर्नियातली जमीन

‘कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे होता तेव्हा गुरं पाळायला हजारो एकर फुकट मिळायचे म्हणे, मग मालकांकडून ते गेले कसे?’ हा प्रश्न नेहमी येतो. फुकट खरंच, मूळ रहिवाशांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. जाण्याचं मूळ बरंचसं मोजणीच्या दोरात आहे.

१८२४ च्या वसाहत कायद्याने एकाला ११ चौरस लीगपर्यंत जमीन मिळे. चौरस लीग म्हणजे सुमारे ४,४०० एकर. परक्याने आधी कॅथलिक होऊन नागरिकत्व घ्यायचं, मग गव्हर्नरकडे अर्ज. सोबत ‘दिसेन्यो’, म्हणजे हाताने काढलेला कच्चा नकाशा: ओढा, टेकडी, एखादा ठळक ओक.

मंजुरीनंतर अल्काल्दे, म्हणजे गावचा न्यायाधीश, शेजाऱ्यांसमक्ष ताबा देई. दोन घोडेस्वार, ५० व्हारा (साधारण ४२ मीटर) दोर, टोकांना एकेक खुंट. एकाने खुंट रोवून थांबायचं, दुसऱ्याने दोर ताणेपर्यंत पुढे जाऊन आपला रोवायचा, की मागच्याने उपटून निघायचं. असे १०० दोर भरले की एक लीग. दोर कच्च्या कातड्याचा असला तर दवाने लांबे, उन्हात आक्रसे. ५० व्हारांमागे एकच व्हारा चुकला, तरी चौरस लीगमागे पावणेदोनशे एकरांचा फरक! तेव्हा फिकीर कुणाला? कुंपणं नव्हतीच. गुरं एकमेकांच्या हद्दीत चरत आणि रोदेओच्या, म्हणजे सगळी गुरं एकत्र हाकून आणायच्या, वेळी अंगावर डागलेली मालकाची खूण बघून वेगळी काढत. कागदावर ‘थोडंफार कमीजास्त’ लिहिलं की झालं.

१८४८ मध्ये प्रांत अमेरिकेकडे गेला. १८५१ च्या कायद्याने मालकी सिद्ध करायचा भार मालकावरच टाकला, तोही असल्या नकाशांवर. वकिलाला रोकड हवी आणि यांची सगळी दौलत गुरांत. जमीन गहाण पडू लागली. १८६२-६४ च्या दुष्काळात गुरंही मेली.

उदाहरणार्थ, जॉन मार्श या अमेरिकनाने १८३७ साली माउंट दिआब्लो डोंगराजवळचा लॉस मेगानोस हा रँचो, म्हणजे गुरं पाळायची अशी मोठी जमीन, ५०० डॉलरला घेतला. पदवी हार्वर्डची, पण वैद्यकाची नव्हे. तरी डॉक्टरकी करून फी गुरांत घेई, कळप वाढवी. १८५६ मध्ये त्याचा खून झाला. मालकीचा पक्का कागद निघाला १८६७ साली, मुलीच्या नावे: १३,३१६ एकर.