थंडीत डिझेल गाडी चालू होत नाही? हीटर प्लग विकत आणण्याआधी हे तपासा

रात्रभर उभी असलेली डिझेल गाडी सकाळी सेल्फ मारूनही चालू झाली नाही, की सगळ्यांचा संशय थेट हीटर प्लगवर (सिलिंडरमधली हवा तापवणाऱ्या विजेच्या सळईवर) जातो. चारही प्लग बदलून होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्लग खराब होतात हे खरं आहे. पण विशेषतः कॉमन रेल इंजिनांमध्ये (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं), बाहेर १५ अंश तापमान असताना गाडी अजिबात चालू होत नसेल, तर मी प्लगवर सगळ्यात शेवटी संशय घेईन. ही इंजिनं शून्याच्या बऱ्यापैकी वर असलेल्या तापमानात बहुधा मेलेल्या प्लगवरही चालू होतात. थोडी थरथरतात, धूर टाकतात, पण होतात. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचं तसं नाही. तिथे डिझेल आधी प्रीचेंबर नावाच्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि हवा त्याच्या भिंतींना लागून लगेच गार होते, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) २०-२२ असूनही साध्या गारव्यातसुद्धा प्लगशिवाय भागत नाही. आपलं इंजिन यातलं कुठलं, हे आधी माहीत हवं.

डिझेलला ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेतच ते पेटतं. म्हणून तीनच गोष्टी बघायच्या: इंजिन पुरेशा वेगानं फिरतंय का, हवा पुरेशी तापतेय का आणि डिझेल आत पोचतंय का.

सगळ्यात कामाची तपासणी फुकटात होते. दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बघत मागे उभे राहा. पांढरा-करडा धूर येतोय आणि कच्च्या डिझेलचा वास डोळ्यांना झोंबतोय, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. दोष प्लग, कॉम्प्रेशन किंवा मंद फिरण्यात आहे. आठ-दहा सेकंद सेल्फ मारूनही धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मग प्लगला हात लावू नका, डिझेलच्या बाजूला शोधा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये एक मिनिट तरी थांबा, नाहीतर त्याची वायंडिंग तापून जळते.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मल्टीमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. व्होल्टेज १० च्या वर टिकलं तर उत्तम, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, आणि तरीही पडत असेल तर बॅटरी संपलेली आहे. बॅटरी ठणठणीत असून सेल्फ जड फिरत असेल, तर मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. ती काढून घासून पुन्हा घट्ट बसवणं हे अर्ध्या तासाचं काम, आणि बॅटरी, स्टार्टर (सेल्फची मोटर) बदलूनही न गेलेला त्रास कित्येकदा तेवढ्यानं जातो. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टर या वायरीवर ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. इंजिन ऑइल ठरलेल्यापेक्षा जाड ग्रेडचं भरलं असेल, तरी थंडीत फिरण्याचा वेग पडतो. वेग साधारण १५० आरपीएमच्या खाली गेला की दाबलेली हवा पेट घेण्याइतकी तापायच्या आधीच गळून गार होते.

प्लग तपासताना एक गोष्ट आधी मनातून काढून टाका: डॅशबोर्डवरची पिवळी गुंडाळी विझली म्हणजे प्लग तापले, असं नाही. तो दिवा बहुतेक गाड्यांत नुसत्या वेळेवर चालतो. प्लगवरची पट्टी किंवा कनेक्टर काढा आणि प्लगचं टोक ते इंजिन ब्लॉक असा रेझिस्टन्स मोजा. आधी मीटरच्या दोन सळया एकमेकींना लावून जे ०.२-०.४ ओहम येतील ते वजा करा. ते विसरलं तर आकडा फसवा येतो. साध्या ११ व्होल्टच्या प्लगला अर्धा ते दीड ओहम यायला हवा. कमी व्होल्टच्या आणि सिरॅमिक प्लगना त्याहूनही कमी येतो, म्हणून चारही एकमेकांशी ताडून बघा. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग गेला.

रेझिस्टन्स बरोबर असूनही टोक न तापणारे प्लग मी पाहिले आहेत. त्यामुळे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर तोच वापरा. थंड इंजिनात चावी चालू केल्यावर प्रत्येक साधा प्लग सुरुवातीला १५-२० अँपिअर घेतो आणि काही सेकंदांत तो उतरत जातो. एकाही प्लगला करंट नसेल तर आधी रिले (प्लगना वीज सोडणारा स्विच) आणि मोठा पट्टी-फ्यूज बघा, चारही प्लग एकदम मरणं दुर्मिळ. नव्या गाड्यांतला कंट्रोलर वीज तुकड्यातुकड्यानं देतो, त्यामुळे मीटरवर ५-७ व्होल्टच दिसतील. तो बिघाड नव्हे. आणि ४.४ किंवा ५ व्होल्टचा प्लग काढून थेट बॅटरीला लावून बघू नका, क्षणात जळतो.

प्लग काढणं हा या सगळ्या कामातला सर्वात धोक्याचा भाग, तिथे घाई नको. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, काढताना इंजिन गरम असू द्या आणि प्लगभोवतीची माती हवेनं उडवून टाका. टॉर्क पाना वापरा. ८ मिलिमीटरचा प्लग २० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि १० मिलिमीटरचा ३५ च्या आसपास तुटतो. पाना जड झाला की थांबा, थोडं घट्ट करा, पुन्हा सोडा, पुन्हा ऑइल घाला. तुटलेला प्लग काढायला कधीकधी हेड उतरवावं लागतं. नवा बसवण्याआधी भोकातला कार्बन योग्य मापाच्या रीमरनं (भोक खरवडायच्या हत्यारानं) साफ करा. घट्ट करताना ८ मिलिमीटरच्या प्लगला १० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १५ न्यूटन-मीटर साधारण पुरतात, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम माना.

धूर नसेल तर पहिला संशय हवेवर. टाकीत पंप नसलेल्या गाड्यांत डिझेल ओढून घेतलं जातं, त्यामुळे डिझेल ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर ठिबकत नाही, ती हवा आत घेते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळी सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (डिझेल हातानं पुढे ढकलायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबा. गाडी लगेच चालू झाली तर निदान झालं. नक्की जागा शोधायला फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडी पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे बघा. दोषी बहुधा फिल्टरवरच्या कनेक्टरची ओ-रिंग, तडकलेली रिटर्न नळी किंवा नीट न बसलेला फिल्टर. फिल्टरच्या तळाचं पाणी त्याच वेळी काढून टाका.

कॉमन रेलमध्ये साधा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना रेल प्रेशर, म्हणजे त्या सामायिक नळीतला दाब बघा. साधारण २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय बहुतेक ईसीयू (इंजिन चालवणारे कॉम्प्युटर) इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारी तोंडं, उघडतच नाहीत. दाब चढत नसेल तर इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि सेल्फ मारा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा दुपटीनं भरली, तर तो इंजेक्टर झिजलाय. जाड, दाबाच्या नळ्या मात्र इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नका. तिथून सुटलेली धार कातडीच्या आत घुसते आणि लगेच ऑपरेशन करावं लागतं.

स्कॅनर लावलाच आहे तर कूलंटचं तापमानही बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकंच हवं. सेन्सर ६० अंश सांगत असेल तर ईसीयू प्लग तापवणारच नाही.

ईथरचा स्प्रे हवेच्या वाटेत मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा मोडतो, कधी कनेक्टिंग रॉड वाकवतो.

एवढं सगळं नीट असूनही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेलच्या गेजनं कॉम्प्रेशन मोजावं लागेल. पेट्रोलचं गेज चालत नाही, कारण इथे दाब २०-३० बार असतो. सिलिंडरांमध्ये ४-५ बारपेक्षा जास्त फरक आला, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी गेलंय आणि इंजिन उघडणाऱ्या मेकॅनिककडे गाडी न्यावी लागेल.