रतनगड ते हरिश्चंद्रगड: एक किलोत बसवलेला कॅमेरा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीहून निघून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत, पुढे पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी खिरेश्वर, असा तीन मुक्कामांचा रेंज ट्रेक करायचा तर सॅकमध्ये तीन लिटर पाणी हवंच. त्यात स्लीपिंग बॅग आणि शिधा. एवढं भरून झाल्यावर कॅमेऱ्याच्या वाट्याला काय उरतं, हा हिशेब निघण्याआधी करून ठेवावा.

माझा जुना संच असा होता: निकॉन डी७२०० बॉडी ७६५ ग्रॅम, १८-१४० लेन्स (हे आकडे मिमीत; आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) ४९० ग्रॅम आणि ७०-३०० लेन्स ७४५ ग्रॅम. बेरीज बरोबर दोन किलो, ट्रायपॉड वेगळा. या वेळी नेला तो सोनी ए६४००: बॉडी बॅटरीसकट ४०३ ग्रॅम, सिग्माची १८-५० एफ २.८ लेन्स २९० ग्रॅम आणि सोनीचीच साधी ५५-२१० लेन्स ३४५ ग्रॅम. एकूण १०३८ ग्रॅम. वाचलेल्या किलोभराचं काय केलं? पाणी घेतलं. ऑक्टोबरअखेर कात्राबाईच्या जंगलात ओढे वाहत असतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांना त्या जादा लिटरची किंमत कळेल.

सोबतच्या मित्राकडे रिको जीआर ३ होता. बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावणारा. त्यातही ए६४००सारखाच २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) आहे, त्यामुळे दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर दर्जात फरक शोधावा लागतो. लेन्स मात्र एकच, फुल-फ्रेमवरच्या २८ मिमीच्या तोडीची, म्हणजे माझ्या १८ मिमीएवढंच दृश्य पकडणारी, आणि बदलता न येणारी. व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे भर उन्हात पठारावर स्क्रीन नीट दिसत नाही. बॅटरीही लवकर संपते. दोन जादा घेतल्याशिवाय मुक्कामी ट्रेकला जाऊ नये.

रतनगडाच्या शिड्यांपाशी लहान कॅमेऱ्याचा पहिला फायदा कळतो. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत आणि गळ्यात लटकणारा कॅमेरा लोखंडावर आपटतो. एरवी मी तो सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिपने अडकवतो, पण शिडी किंवा कातळटप्पा आला की सरळ सॅकमध्ये. लहान बॉडी असली की हे काम अर्ध्या मिनिटात होतं. जड कॅमेऱ्याच्या वेळी आपण "राहू दे, पुढे काढू" म्हणतो आणि पुढे ढग येतात.

गडावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा असा असतो की टोपी हातात धरावी लागते. अलंग, मदन, कुलंग हे गड, कळसूबाई आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी हे सगळं एका नजरेत येतं, म्हणून बहुतेक जण वाइड (रुंद दृश्य पकडणारी) लेन्स लावतात. आता माझं ठाम मत सांगतो: सह्याद्रीच्या रांगांसाठी अल्ट्रा-वाइड लेन्स घरीच ठेवा. वाइडमध्ये अलंग-मदन-कुलंग म्हणजे क्षितिजावरची एक बारीक रेघ होते; वर नुसतं आभाळ, खाली नुसतं गवत. तीच रांग १०० ते १५० मिमीवर धरली की एकामागे एक निळसर थर उभे राहतात आणि कातळातल्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्या दिवसाचे मला आवडलेले बहुतेक फोटो त्या स्वस्त ५५-२१० लेन्सचे आहेत.

वाइड लागतच नाही असं नाही. नेढ्याची चौकट पकडायला १८ मिमी पुरतं. उजेडाची मोजणी बाहेरच्या दृश्यावर ठेवा, नेढ्याचा कातळ काळा पडला तर पडू द्या. आणि जिथे १८ही कमी पडतं तिथे पॅनोरमा करा. कॅमेरा उभा धरायचा, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर कायम ठेवायचे आणि डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. घरी सॉफ्टवेअर ते जोडून देतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर पॅनोरमाच्या वेळी काढा, नाहीतर आभाळात गडद-फिके पट्टे येतात.

परत गणेश दरवाजाने उतरून कात्राबाईच्या खिंडीकडे वळलं की दाट झाडी लागते. इथे ढोरवाटांनी चकवा बसतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रतनवाडीतून वाटाड्या घ्यावा. उजेड इतका कमी की माझ्या संचाची खरी उणीव इथेच दिसली: ए६४००च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि सिग्माच्या १८-५० मध्येही नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० वर नेऊन काम भागलं. रिकोमध्ये स्टॅबिलायझेशन असल्यामुळे मित्र ओढ्याचं पाणी हातात कॅमेरा धरूनच रेशमी करत होता आणि मला ते प्रत्येक वेळी दाखवत होता.

कुमशेतला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. समोर आजोबाचा डोंगर सूर्य त्याच्या मागे असल्यामुळे नुसता काळा दिसत होता. ज्यांच्या घरी जेवण सांगितलं होतं ते मामा म्हणाले, "आत्ता काय काढताय, सकाळचं ऊन पडू द्या." सकाळी पूर्वेकडून उजेड आला आणि प्रत्येक घळ वेगळी दिसायला लागली. गावात मुक्काम असेल तर कोणत्या कड्यावर कधी ऊन येतं हे घरच्या माणसांनाच विचारा. वीज भरवशाची नसते, पॉवर बँक न्या. ए६४०० यूएसबीवर थेट चार्ज होतो, त्यामुळे चार्जर घरी राहिला तरी चालतं. रात्री दव पडतं, कॅमेरा रोल-टॉप पिशवीत बंद करून ठेवावा आणि पहाटे बाहेर काढल्यावर लेन्सवर वाफ धरली तर पुसायची घाई करू नये.

मुळा नदी ओलांडून पेठेच्या वाडीवरून पाचनई. तिथून हरिश्चंद्रगडाची वाट सोपी आणि ठळक आहे. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. गडावर मुक्काम करू देतात का हे पाचनईत वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या, नियम बदलत असतात. केदारेश्वराच्या गुहेत अंधार असतो आणि पिंडीभोवती गार पाणी. फ्लॅश मारू नका, त्याने पाण्याचं आरसेपण जातं. हातभर उंचीचा ट्रायपॉड कोरड्या दगडावर ठेवून दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर द्या. मोठा ट्रायपॉड मी नेत नाही. कोकणकड्यावर खालून येणारा वारा त्याला तसाही उभा राहू देत नाही.

कोकणकडा आत वळलेला आहे, त्यामुळे ऐन टोकावर उभं राहून कडा दिसतच नाही, आणि तिथे उभं राहूही नये. कडेने चालत एका बाजूला जा, पोटावर झोपा, मग सगळी कमान नजरेत येते. उभ्या फोटोंचा पॅनोरमा इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो. सूर्यास्ताला गर्दी असते, कारण कड्याचं तोंड पश्चिमेला. मला सकाळ जास्त आवडते. सूर्य पाठीमागे असतो, दरीत धुकं भरलेलं असेल तर त्यावर तुमची सावली आणि तिच्याभोवती इंद्रवज्राचं, म्हणजे गोल इंद्रधनुष्याचं, कडं दिसू शकतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते इथे पाहिल्याची नोंद आहे. आम्हाला दिसलं नाही, धुकं दरीऐवजी पठारावरच बसलं होतं.

उतरताना टोलार खिंडीकडच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे, तरी कॅमेरा सॅकमध्येच ठेवा. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, ते पाहायला थांबा. खिरेश्वरहून खुबी फाट्यावर आलं की माळशेजमार्गे कल्याणकडे जाणारी एसटी मिळते.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. पैसे जास्त खर्च करायची तयारी असेल तर सोनी ए६७०० बघा: ४९३ ग्रॅम, बॉडीत स्टॅबिलायझेशन आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकणारी. कमी खर्चात हवं तर निकॉन झेड५० त्याच्या १६-५० लेन्ससकट ५८५ ग्रॅममध्ये बसतो आणि स्टॅबिलायझेशन लेन्समध्येच आहे. ५०-२५० जोडली तर आणखी ४०५ ग्रॅम. दोन्ही मिळून किलोच्या आत. पावसातही हिंडणार असाल तर ओएम सिस्टीमचा ओएम-५ (४१४ ग्रॅम) आणि १२-४५ एफ ४ लेन्स (२५४ ग्रॅम) हा संच पाणी-धुळीपासून संरक्षित आहे, सेन्सर मात्र लहान. फुल-फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) बॉडी आता हलक्या झाल्यात, पण लेन्स नाहीत. वजन मोजताना नेहमी लेन्ससकट मोजा. आणि एवढे पैसे मोजण्याआधी पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारपुरता भाड्याने मिळणारा कॅमेरा घेऊन एखादा छोटा गड करून या. त्यातले फोटो बघताना किती फोटो कोणत्या मिमीवर काढलेत ते तपासा, म्हणजे कोणती लेन्स घ्यायची हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.